जेट्सनी सॅम डार्नॉल्डला लवकर सोडलं का?

प्रश्न: फेब्रुवारी २०२६ मधे सीहॉक्सनी पेट्रियट्सना २९-१३ हरवून सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, जिंकला, सीहॉक्सचा क्वार्टरबॅक (पास फेकून ऑफेन्स, म्हणजे आक्रमण, चालवणारा प्लेअर) होता सॅम डार्नॉल्ड. तेव्हापासून जो तो न्यूयॉर्क जेट्सना शिव्या घालतोय, की असा प्लेअर हातात होता आणि तीन सीझनमधे सोडून दिला. खरंच त्यांनी घाई केली का? आणि नवीन क्वार्टरबॅकला किती वर्षं द्यायची असतात, काही हिशोब असतो का त्याचा?

उत्तर: माझं मत सरळ सांगतो, २०२१ मधे त्याला पँथर्सना ट्रेड केलं, म्हणजे पिकच्या बदल्यात देऊन टाकलं, ही जेट्सची चूक नव्हती, चूक त्याआधीच्या तीन वर्षांत झाली होती आणि ती फार मोठी होती. लोक ट्रेडच्या तारखेवर भांडतात पण त्या तीन वर्षांत त्याच्या आजूबाजूला काय चाललं होतं ते कोणी बघत नाही.

२०१८ च्या ड्राफ्टमधे, म्हणजे टीम क्रमाने नवीन प्लेअर निवडतात तिथे, जेट्सचा नंबर सहावा होता, तिसऱ्या नंबरवर जायला त्यांनी कोल्ट्सना आपला सहावा पिक (निवडीचा हक्क) आणि वर दुसऱ्या राऊंडचे तीन पिक दिले. म्हणजे ज्या पिकमधून लाईनमन (क्वार्टरबॅकला वाचवणारे) आणि रिसीव्हर (पास पकडणारे) उभे करायचे तेच पिक क्वार्टरबॅक मिळवायला खर्च झाले. पोरगा २१ वर्षांचा, पहिल्याच मॅचला, लायन्सविरुद्ध, थेट स्टार्टर. त्याचा पहिलाच पास समोरच्याने पकडून (यालाच इंटरसेप्शन म्हणतात) टचडाऊनपर्यंत, म्हणजे थेट स्कोअर होईपर्यंत नेला, आणि तरी त्याने डोकं शांत ठेवून ती मॅच ४८-१७ जिंकून दिली, मला तर तेव्हाच वाटलं होतं की याच्यात दम आहे.

पण सीझन संपल्यावर कोच टॉड बोल्स गेले, ॲडम गेस आले, सगळी ऑफेन्स नव्याने शिकायची. २०१९ मधे त्याला मोनो (थकवणारा व्हायरल आजार) झाला, काही मॅच बाहेर बसला, परत आल्यावर दुसऱ्याच मॅचला पेट्रियट्सनी ३३-० धुतलं, चार इंटरसेप्शन, आणि त्याच मॅचमधे बाकावर बसून "मला भुतं दिसतायत" असं म्हणाला ते माईकवर गेलं आणि देशभर गाजलं. लोकांनी त्याचे मीम केले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, दर दुसऱ्या प्लेला कोणीतरी अंगावर येतंय हे माहीत असलेला माणूस नसलेला रश (अंगावरची धाव) सुद्धा बघायला लागतो, पाय हलतात, नजर रिसीव्हरवरून उडून लाईनवर जाते, आणि ही सवय एकदा लागली की सुटायला वर्षं जातात. २०२० मधे टीम २-१४ (२ विजय, १४ पराभव), त्याचे ९ टचडाऊन ११ इंटरसेप्शन.

आता २०२१ ची परिस्थिती बघा. पहिल्या राऊंडच्या प्लेअरचा करार चार वर्षांचा असतो, पाचव्या वर्षाचा ऑप्शन घ्यायचा की नाही ते तिसऱ्या सीझननंतर ठरवावं लागतं. डार्नॉल्डचं ते वर्ष जवळपास १ कोटी ९० लाख डॉलरचं पडणार होतं. दुसरीकडे हातात ड्राफ्टचा दुसरा नंबर, नवीन कोच रॉबर्ट सालेह, आणि रूकी (नवखा) क्वार्टरबॅक म्हणजे परत चार वर्षं स्वस्तात. तीन वर्षांत १३ विजय २५ पराभव बघून कुठला जनरल मॅनेजर थांबला असता? मी त्या खुर्चीत असतो तर मीही पँथर्सनी डार्नॉल्डच्या बदल्यात दिलेले तीन पिक घेतले असते.

जेट्सना खरंच दोष द्यायचा तर पुढच्या गोष्टीसाठी द्या. त्यांनी झॅक विल्सनला घेतलं, तोही पहिल्या मॅचपासून स्टार्टर, आणि त्याचा पहिला सीझन बघा, ९ टचडाऊन ११ इंटरसेप्शन. हुबेहूब तेच आकडे! क्वार्टरबॅक बदलला, बाकी काही बदललं नाही.

आणि डार्नॉल्ड बाहेर पडला म्हणून लगेच सुधारला असंही नाही हं, हे लोक विसरतात. पँथर्समधेही दोन वर्षं जमलं नाही. २०२३ मधे फोर्टीनाइनर्सकडे ब्रॉक पर्डीच्या मागे बॅकअप म्हणून बसला, तिथला कोच काईल शॅनाहनची सिस्टीम शिकला, बहुतेक वेळ नुसता बघत होता, आणि माझ्या मते त्याचं करिअर तिथे वाचलं. जेट्समधे चौथं वर्ष मिळालं असतं तर तो आणखी बिघडला असता.

त्यामुळे वर्षांचा हिशोब मी मांडणार नाही. बघायचं ते हे, की चांगली साथ असताना हा प्लेअर जिंकून देताना एकदा तरी दिसलाय का? ब्राऊन्सचा क्वार्टरबॅक बेकर मेफील्ड दिसला होता. ब्राऊन्सना २०२० च्या सीझनमधे त्याने प्लेऑफची (बाद फेरीची) मॅच जिंकून दिली, १९९४ च्या सीझननंतर पहिलीच. पुढच्या वर्षी दुखऱ्या खांद्याने खेळला, खराब खेळला, आणि ब्राऊन्सनी त्याच्या जागी दुसरा क्वार्टरबॅक, डेशॉन वॉटसन, आणण्यासाठी पहिल्या राऊंडचे तीन पिक आणि २३ कोटी डॉलरचा पूर्ण गॅरंटीड करार दिला. मेफील्डने नंतर बुकेनियर्सकडून २०२४ मधे ४१ टचडाऊन फेकले. ही घाई! याला घाई म्हणतात.

प्रश्न: मग व्हायकिंग्जचं काय? डार्नॉल्ड २०२४ ला त्यांच्याकडेच होता ना?

उत्तर: होता, आणि तिथे माझं मन अजून दुखतं. त्यांचा नवीन क्वार्टरबॅक जे. जे. मकार्थीचा गुडघा प्रीसीझनमधे गेला म्हणून डार्नॉल्डला चान्स मिळाला, त्याने ३५ टचडाऊन फेकले, टीम १४-३. मग शेवटच्या दोन मॅच वाईट गेल्या, लायन्सविरुद्ध ९-३१ आणि प्लेऑफमधे रॅम्सविरुद्ध ९-२७, त्यात रॅम्सनी त्याला नऊ वेळा सॅक केलं, म्हणजे पास फेकायच्या आधीच पाडलं. नऊ सॅक एकट्या क्वार्टरबॅकमुळे होत नाहीत, लाईन पण बघा की. मकार्थी स्वस्त होता, त्याच्यावर पहिल्या राऊंडचा पिक घातला होता, त्यामुळे डार्नॉल्डला जाऊ दिलं आणि सीहॉक्सनी तीन वर्षांसाठी १० कोटी डॉलरच्या आसपास देऊन उचलला. पैशाचं गणित मला कळतं, पण जेट्सकडे न थांबायला कारण होतं, व्हायकिंग्जनी तर सतरा मॅच स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. पुढच्या सीझनला ते प्लेऑफमधेही गेले नाहीत.