आर्मीत १७ वर्षं झाली, पुढच्या वर्षी हवालदार म्हणून पेन्शनवर घरी येतोय, सिव्हिलमध्ये नोकरी कशी शोधू?

भाऊ, पेन्शनवर येईपर्यंत थांबू नकोस. केंद्राच्या भरतीत सर्व्हिस संपायला एक वर्ष राहिलं की माजी सैनिक कोट्यातून फॉर्म भरता येतो, आणि हे निम्म्या पोरांना माहीतच नसतं, ती घरी येऊन सहा महिने शेत-घर-लग्नकार्यात घालवतात न मग जाहिराती बघायला लागतात. दहावी पास असशील आणि १५ वर्षं सर्व्हिस झाली असेल तर गट क च्या बऱ्याच पोस्टना ग्रॅज्युएट धरतात, वयातनं सर्व्हिसची वर्षं वजा करून वर ३ वर्षं सूट मिळते. महाराष्ट्र सरकारच्या भरतीत गट क आणि ड ला माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतच राखीव वाटा) आहे. बँक क्लार्कचं नक्की बघ, पण गणित आणि इंग्रजीचा सराव आत्तापासून, ड्युटीवरून आल्यावर रोज तासभर तरी.

गावी आलास की पहिल्याच आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदव, डिस्चार्ज बुकाच्या चार-पाच झेरॉक्स घेऊन जा, एकच नेलीस तर परत हेलपाटा. मी नेली होती!

प्रायव्हेटला जायचं असेल तर बायोडेटात नुसतं 'क्वार्टर मास्टर स्टोअर' लिहू नको, एचआरवाल्याला काय कळणार त्यातलं. किती माणसांचं रेशन-सामान सांभाळलंस, ऑडिट कसं दिलंस ते लिही. माझ्या बायोडेटात एवढं एकच बदललं न वेअरहाऊसवाल्यांचे फोन सुरू झाले. सिक्युरिटीची नोकरी लगेच मिळते, पण १२ तास उभं राहून पगार बेताचाच, ती शेवटी ठेव.