खान्देशातल्या मुलांनी वर्णभेदाबद्दल कशाला शिकायचं?

"आपल्याकडे गोरे-काळे असं काही नाही, मग जळगाव-धुळ्याच्या पोरांनी हे कशाला शिकायचं?" असं तुम्ही विचारलंय. भाऊ, आपल्याकडेही आहे. धुळ्याला वसतिगृहात असताना धडगावकडचा एक पावरा आदिवासी मुलगा आमच्यासोबत होता. जेवायला बसलो की कुणीतरी त्याला रंगावरून हाक मारायचं आणि सगळे हसायचे. तो मान खाली घालून भाकरी मोडत राहायचा. मी गप्प बसायचो, ते अजून सलतं.

आणि हा विषय परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या.

मुलांनी हे जरूर वाचावं. पण सुरुवात मेसमध्ये करा. कुणी रंगावरून, जातीवरून बोललं तर हसू नका, तिथल्या तिथे टोका. आदिवासी किंवा दलित मुलाचा चारचौघांत जातिवाचक अपमान करणं हा १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, हेही सांगा. मग आपलं ताट उचला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.