ओरिगामीच्या लेखाला हात लावण्याआधी

भाऊ, नवीन लेखाची घाई करू नकोस. मराठी विकिपीडियावर ओरिगामीचं, म्हणजे कागदाच्या घड्या घालून वस्तू करण्याच्या कलेचं, काय काय आहे ते आधी शोध. असलेल्यात भर घातलेली बरी. धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) लिहून बघ, मग मुख्य लेखात टाक.

‘ही कला फार प्राचीन आहे’ असली वाक्यं उडतात, आणि उडायलाच हवीत. ठोस लिही, संदर्भ जोड. जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी घड्यांच्या आकृत्यांसाठी रेषा-बाणांची पद्धत रुजवली. आपल्याकडे टी. सुंदर राव यांचं कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक १८९३ साली मद्रासला निघालं. हे मराठीत यायलाच हवं.

खरी गोची फोटोंची. पारंपरिक होडी घडव, खिडकीशी काळ्या कापडावर ठेव, पंखा बंद कर (मे महिन्यात जळगावात हे जिवावर येतं, पण इलाज नाही) आणि फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक साठ्यात, चढव. आजच्या एखाद्या कलाकाराची रचना मात्र परवानगीशिवाय नको. घडी तू घातलीस, फोटो तू काढलास, तरी रचनेवर हक्क त्याचा असू शकतो. पुस्तकातल्या आकृत्या स्कॅन करणं तर सोडूनच दे. पारंपरिक वस्तूंच्या आकृत्या स्वतः काढ: आत जाणारी घडी तुटक रेषेने, बाहेर उचललेली रेघ-टिंबांनी.

स्वतः शोधलेली घडी लेखात घालू नकोस, कितीही झकास असली तरी. कुणी तुझा मजकूर काढला तर परत टाकत बसू नकोस, चर्चा पानावर कारण विचार.