खाण बंद झाली तरी पाण्यात जड धातू का येत राहतात? पूर-भूकंपाने धोका वाढतो का?

खलनायक फक्त खाण नव्हे, बाहेर टाकलेला दगड आणि खनिज काढून उरलेला गाळही. त्यातल्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाला हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. ते शिसं, कॅडमियम, जस्त विरघळवून ओढ्यात नेतं, आणि खाणीला टाळं लागल्यावरही हे पिढ्यानपिढ्या चालू राहू शकतं.

हो, धोका वाढतो. अतिवृष्टीत हा गाळ अडवणारे बांध पाणी पिऊन कमकुवत होतात. भूकंपात भिजलेला गाळ चक्क द्रवासारखा वाहू शकतो. ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योला २०१९ मध्ये भूकंपाशिवायच बांध फुटला, २७० माणसं गेली. पूर ओसरल्यावर शेतात उरलेला गाळ सुपीक समजू नका, आधी माती तपासा. आणि पाणी उकळून धातू जात नाहीत, उलट आटल्यावर त्यांचं प्रमाण वाढतं.