मुंबईतल्या महालक्ष्मीच्या ड्रेसाज शोला (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) मरून कोट आणि घोड्याला खड्यांचा ब्राउबँड (कपाळावरची पट्टी) चालेल का?

हो, दोन्ही चालतील. कोट मात्र एकरंगी हवा. एफईआय या घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत पूर्वी काळा, नेव्ही असे गडद रंगच बसायचे, आता ती अट सैल झाली आहे. कॉलरला वेगळ्या रंगाची पायपिंगही (कडेची बारीक गोट) चालते, पट्टेरी किंवा बहुरंगी कोट नाही. ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीची घट्ट पँट, पांढरीच ठेवा. टॉप हॅटची हौस असेल तर विसरा, 2021 पासून हेल्मेट सक्तीचं आहे. ब्राउबँडवर खडे खुशाल लावा, पण शेपटीत रिबन किंवा फुलं चालत नाहीत. क्लबच्या स्थानिक शोचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून कोट शिवायला टाकण्याआधी शोचं प्रॉस्पेक्टस (माहितीपत्रक) बघा. आणि कापड हलकं, ताणलं जाणारं घ्या. मुंबईच्या दमटपणात गडद कोटावर काखेत घामाचे पांढरे डाग लगेच उठतात.