केर्बल स्पेस प्रोग्राम या रॉकेट बनवून उडवायच्या गेममध्ये मिस्ट्री गू आणि सायन्स ज्युनियर हे प्रयोगांचे डबे एकदा वापरले की बंद का पडतात? प्रत्येक जागेसाठी नवा डबा न्यायचा का?

नवे डबे नकोत, बॉब या शास्त्रज्ञ अंतराळवीराला न्या.

थर्मामीटर, बॅरोमीटर ही मापनाची यंत्रं आहेत. आकडा पाठवला की पुन्हा वापरायला मोकळी. गू आणि सायन्स ज्युनियरमध्ये मात्र नमुनाच ठेवलेला असतो. एकदा उघडून त्याचा डेटा पाठवला किंवा बाहेर काढला की तो नमुना संपला. (घरात "आई थांब, गू उघडलाय, डेटा काढून येतो" असं मी एकदा ओरडलो होतो. पुढचं सांगत नाही.)

मिनमस या गेममधल्या छोट्या चंद्रावरच्या माझ्या पहिल्या मोहिमेत मी यानात जेबला बसवलं आणि उतरल्या उतरल्या सगळं अँटेनाने पाठवून दिलं. मिनमसच्या जमिनीवर चालवलेला सायन्स ज्युनियर केर्बिनवर (गेममधली पृथ्वी) परत आणला तर 125 विज्ञान-गुण मिळतात, गूचे 50. पण पाठवल्यावर सायन्स ज्युनियरचे 35 टक्केच पदरात पडतात आणि गूचे 30. म्हणजे 175 ऐवजी साधारण 59, वर दोन्ही डबे निकामी. जेब पायलट, त्याला ते साफ करता येत नाहीत. इंधन अर्धं शिल्लक आणि मी तिथे नुसता बसून.

बॉब शास्त्रज्ञ आहे. प्रयोग चालवा, बॉबला बाहेर काढा, डब्याजवळ नेऊन राइट क्लिक करून डेटा काढून घ्या, मग तिथेच डबा पूर्ववत करा. आत येऊन डेटा कॅप्सूलमध्ये ठेवा आणि पुढच्या बायोमला (वेगळ्या प्रकारच्या भागाला) उडी मारा. मिनमसवर 9 बायोम आहेत आणि गुरुत्व पृथ्वीच्या विसाव्या भागाइतकं. शिडीसुद्धा लागत नाही, जेटपॅकवर बॉब फुलपाखरासारखा वर येतो. फ्लॅट्स या बायोमवर उतरा, तिथून स्लोप्स जवळच. एकाच बायोमचा तोच डेटा दुसऱ्यांदा कॅप्सूल घेत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

बॉबला यान स्थिर धरता येत नाही, म्हणून सोबत जेब तरी द्या नाहीतर एसएएस (यान आपोआप स्थिर ठेवणारी यंत्रणा) असलेला प्रोब कोअर, म्हणजे माणसाविना यान चालवणारा भाग, लावा. स्टेपुटनिक हा प्रोब कोअर लावू नका, त्यात एसएएस नाही. करिअर मोडमध्ये आधी अ‍ॅस्ट्रोनॉट कॉम्प्लेक्स (अंतराळवीरांची इमारत) वाढवावं लागतं, नाहीतर बॉब दारातून बाहेरच पडणार नाही.

"परत आणा" हा हट्ट गेम बनवणाऱ्यांनी हवेतून काढलेला नाही, असं मला वाटतं. नासाने 1984 मध्ये एलडीईएफ नावाचा उपग्रह पदार्थांचे नमुने आणि इतर प्रयोग अवकाशात उघडे ठेवायला सोडला होता, आणि 1990 मध्ये कोलंबिया शटलने तो उचलून खाली आणला. नमुने प्रयोगशाळेत टेबलावर हवे होते.

तुम्हाला मात्र डबे खाली आणायची गरज नाही. डेटा कॅप्सूलमध्ये आला की सायन्स ज्युनियर सरळ डिकपल करा (यानापासून सोडून द्या). मी एकदा डेटा काढायला विसरलो, हीट शील्डही लावली नव्हती. केर्बिनच्या वातावरणात शिरताना डबा डोळ्यांदेखत फुटला. कॅप्सूल सुखरूप उतरली, आत फक्त क्रू रिपोर्ट.