पहिल्यांदाच रोजरी बनवताना: दोरा की तार?

तुम्हाला तुमच्या गॉडमदरला, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातेला, स्वतःच्या हाताने केलेली रोजरी (कॅथलिक लोकांची जपमाळ) द्यायची आहे, दागिने बनवायचा सराव नाही, आणि प्रश्न असा की तारेची करावी की दोऱ्याची आणि मणी किती लागतील. पहिली रोजरी दोऱ्याचीच करा.

कारण सांगतो. रोजरी डोळे मिटून, चालताना, अंथरुणात पडल्यापडल्या, खिशात हात घालूनही म्हटली जाते. कुठला मणी चालू आहे, दहा संपले का, हे अंगठ्याला कळलं पाहिजे. लोक मण्यांच्या रंगावर खूप विचार करतात आणि मण्यांमधल्या मोकळ्या जागेवर अजिबात करत नाहीत. माझ्या मते रोजरीची सगळी करामत त्या जागेत आहे, आणि दोऱ्यावर ती सहज साधते.

मणी एकूण ५९ लागतात. ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचे ५३ लहान आणि ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेचे ६ मोठे. गोलात दहा-दहाचे पाच संच, त्यांच्या मधे चार मोठे मणी. गोलाची दोन्ही टोकं जिथे जुळतात त्या पदकाखाली लोंबणाऱ्या भागात एक मोठा, तीन लहान, पुन्हा एक मोठा आणि टोकाला क्रूस. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं (रहस्य म्हणजे येशू आणि मरियेच्या जीवनातला प्रसंग, ज्यावर एकेका दहाच्या संचाबरोबर मनन करतात) जोडली आणि रहस्यं पंधराची वीस झाली, पण एका वेळी पाचच म्हणायची असल्याने माळ बदलली नाही. मणी चार-पाच जास्त घ्या, एखादा तडकलेला किंवा भोक बुजलेला निघतोच. वयस्कर हातांना ८ मिलिमीटरचे मणी सोयीचे, ६ चे फार बारीक वाटतात. काचेच्या मण्याच्या भोकाची कड धारदार असेल तर दोरा हळूहळू कापला जातो, म्हणून दोऱ्यावर लाकडी मणी उत्तम. इलॅस्टिक मात्र वापरू नका, ते सैल पडतं आणि एक दिवस तुटतं.

दोरा पीळदार नायलॉनचा, सुमारे दोन मीटर घ्या. साधी गाठ मण्याच्या भोकातून निसटते, म्हणून दोऱ्याचं टोक दोऱ्याभोवतीच तीन वेढे गुंडाळून त्या वेढ्यांच्या आतून बाहेर काढा. ओढल्यावर छोट्या पिंपासारखी गाठ बसते. गाठ, दहा मणी, गाठ, मोठा मणी, पुन्हा गाठ, असं पुढे जायचं. दहा मण्यांनंतरची गाठ मण्यांना चिकटवू नका. साधारण दीड मण्याएवढी जागा सोडा, म्हणजे म्हटलेला मणी पुढे सरकतो आणि उरलेले मागे राहतात. गाठ नेमकी तिथेच यावी म्हणून वेढे सैल असताना त्यांत जाड सुई घाला, सुईचं टोक हव्या त्या जागी टेकवा आणि दोरा ओढत आणा. गाठ आवळता आवळता सुई काढून घ्या. पहिल्या संचात हात अडखळतील, तिसऱ्यापर्यंत बोटं आपोआप फिरायला लागतात. मी प्रत्येक मण्याबरोबर एक ‘नमो मरिया’ म्हणतो, त्यामुळे मोजणीही चुकत नाही.

गोलाची दोन्ही टोकं पदकाच्या वरच्या दोन कड्यांना बांधा. खालच्या कड्याला दोऱ्याचा वेगळा तुकडा बांधून त्यात लोंबता भाग ओवा. जास्तीचा दोरा कापून टोक ज्योतीजवळ क्षणभर धरा, नायलॉन वितळून गाठ पक्की होते. मणी लाकडी असतील तर ज्योत लांबच ठेवा.

तार नंतर कधीतरी. तिथे प्रत्येक मण्याला दोन्ही बाजूंनी कडी करावी लागते आणि सगळ्या कड्या सारख्या यायला हव्यात. त्यासाठी गोल टोकाच्या पकडीवर मार्करने खूण करून तार नेहमी त्याच खुणेवर वळवायची. नुसती वळवलेली कडी ओढ बसली की उघडते. म्हणून तारेचं टोक कडीच्या मानेभोवती दोन-तीनदा गुंडाळतात. पण गुंडाळल्यावर कडी उघडता येत नाही, तेव्हा पुढचा मणी आधी अडकवून घ्यावा लागतो.

रोजरी पूर्ण झाली की प्रत्येक गाठ जोराने ओढून बघा आणि त्या रोजरीवर एकदा स्वतः पाचही रहस्यं म्हणा. कुठला मणी अडकतो, कुठे जागा कमी पडली, ते तेव्हाच कळतं. मग फादरकडे किंवा डीकनकडे (फादरच्या खालच्या पायरीवरचे चर्चचे दीक्षित सेवक) नेऊन आशीर्वाद घ्या. गॉडमदर सोबत येऊ शकत असतील तर त्यांच्यासमोरच घ्या.